सफरीची तयारी

[इंजिन नसलेल्या लहान नावेतून, शीड आणि वल्हे यांच्या बळावर, समुद्रकिनाऱ्याने दूरचा प्रवास करता येतो. मात्र अशा सफरीसाठी धाडसाइतकीच तयारीही लागते. ही तयारी कशी करतात आणि त्यात घरातील माणसांचाही वाटा कसा असतो, हे या पाठात पुलगावच्या एका विद्यार्थिनीने सांगितले आहे.]

आमचे गाव पुलगाव. वर्धा जिल्ह्यातील हे गाव वर्धा नदीच्या काठी वसले आहे. नदीच्या पलीकडे अमरावती जिल्हा लागतो. आमच्या गावापासून समुद्र फार दूर आहे. मुंबईला जायचे म्हटले तरी आगगाडीने सातशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो. त्यामुळे आमच्या वर्गातील बहुतेक मुलामुलींनी समुद्र फक्त चित्रातच पाहिला आहे.

माझे भाईजान मात्र समुद्राकाठी राहतात. ते रत्नागिरीला महाविद्यालयात शिकतात. तेथे ते एनसीसीच्या नौदल शाखेत छात्र आहेत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ते घरी आले होते. पहिल्याच दिवशी रात्री जेवताना ते म्हणाले, "अम्मी, पुढच्या महिन्यात आमची नौका-सफर आहे. दहा दिवसांची. आम्ही रत्नागिरीहून हर्णैपर्यंत जाणार आणि परत येणार."

"बोटीने का?" अब्बूंनी विचारले.

"नाही अब्बू, लहान नावेने. तिला इंजिन नसते. वारा असला तर शीड उभारायचे. वारा पडला तर वल्ही मारायची. घरच्यांचे संमतिपत्र द्यावे लागते."

अम्मीचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, "नाही. मी संमती देणार नाही."

अम्मी असे का म्हणाली, ते आम्हां सर्वांना ठाऊक होते. २०२१ सालच्या सप्टेंबर महिन्यात अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात, झुंज येथे, आमच्याच वर्धा नदीत नाव उलटली होती. अकरा जण बुडाले होते. ती बातमी आली तेव्हापासून अम्मीने नावेचे नाव काढले नव्हते. नदीवर गेलो तरी ती आम्हांला काठावरून पुढे जाऊ देत नसे.

भाईजान वाद घालत बसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "अम्मी, तुमची भीती खरी आहे. तुम्ही मला हवे तेवढे प्रश्न विचारा. मी तीन दिवस घरी आहे. एका जरी प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नसले, तर मी जाणार नाही."

अब्बू म्हणाले, "हे ठीक आहे. अम्मीचे समाधान झाले, तर मी सही करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मीने पहिला प्रश्न विचारला, "तुमची नाव कशी असते? आणि ती उलटली तर?"

भाईजानांनी माझ्या वहीत नावेचे चित्र काढले. ते म्हणाले, "या नावेला व्हेलर म्हणतात. ती सत्तावीस फूट लांब असते. म्हणजे सुमारे आठ मीटर. तिला पाच वल्ही असतात. पाच जण वल्ही मारतात आणि सहावा मागे बसून सुकाणू धरतो. मध्ये डोलकाठी उभारून तिला शीड बांधता येते. आमच्या चार नावा बरोबर जाणार आहेत. त्यांच्यामागे इंजिनाची एक रक्षक नौका राहील. तीत आमचे अधिकारी आणि डॉक्टर असतील."

"पण उलटली तर?" अम्मीने पुन्हा विचारले.

"आमच्या शिक्षणात नाव मुद्दाम उलटी करतात आणि आमच्याकडून ती सरळ करून घेतात. पहिला नियम असा की, नाव सोडायची नाही. उलटली तरी नाव तरंगत असते. तिला धरून राहणारा माणूस लांबून दिसतो. किनारा जवळ दिसतो म्हणून जो एकटाच पोहत निघतो, तो थकतो. दुसरा नियम असा की, जीवरक्षक जाकीट नावेत ठेवायचे नाही, अंगात घालायचे. तेही पट्टे बांधून. तिसरा नियम असा की, नावेत जितक्या माणसांची जागा, तितकीच माणसे. एकही जास्त नाही."

हा तिसरा नियम ऐकून अम्मी काही बोलली नाही. पण तिने मान हलवली.

दुपारी भाईजानांनी बैठकीच्या खोलीत जमिनीवर कोकणचा नकाशा पसरला. आम्ही सर्व जण भोवती बसलो. मी मोजपट्टी आणि दोरा घेतला. नकाशाच्या प्रमाणावरून आम्ही अंतरे मोजली. रत्नागिरीहून जयगड सुमारे पस्तीस किलोमीटर. जयगडहून दाभोळ सुमारे एकतीस किलोमीटर. दाभोळहून हर्णै सुमारे सव्वीस किलोमीटर. जाऊन-येऊन सुमारे एकशे चौऱ्याऐंशी किलोमीटर झाले.

"नाव ताशी किती किलोमीटर जाते?" मी विचारले.

"वल्ह्यांवर सुमारे पाच. वारा चांगला असला, तर जास्त."

मी भागाकार केला. जयगडपर्यंत सात तास! भाईजान म्हणाले, "म्हणून पहाटे निघायचे आणि उजेड असतानाच मुक्कामाला पोहोचायचे. रात्री नाव चालवायची नाही. सफरीचे सहा टप्पे आहेत, पण दिवस दहा ठेवले आहेत. उरलेले चार दिवस विश्रांतीसाठी, किनाऱ्याच्या स्वच्छतेसाठी आणि वारा वाईट असला तर थांबून राहण्यासाठी. ज्याच्याजवळ शिल्लक दिवस नाही, तो वादळातही निघायची घाई करतो."

अब्बूंना ही गोष्ट पटली. ते रेल्वेत नोकरी करतात. गाडीच्या वेळापत्रकातही थोडा वेळ राखून ठेवावा लागतो, असे ते म्हणाले.

मग वाऱ्याची गोष्ट निघाली. भूगोलात आम्ही खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. पण ते नावेच्या कामाला येतात, हे मला त्या दिवशी कळले. रात्री जमीन लवकर थंड होते. त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई वारा. दिवसा जमीन लवकर तापते. मग दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. तो खारा वारा. हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो.

"आता सांग," भाईजान मला म्हणाले, "रत्नागिरीहून हर्णैला जायचे म्हणजे उत्तरेकडे जायचे. मग आम्ही केव्हा निघावे?"

मी विचार करून म्हटले, "पहाटे. दुपारी वारा समोरून येईल."

"शाबास! आणि येताना?"

"येताना दुपारचा वारा पाठीमागून येईल. शीड उभारता येईल."

"बरोबर. म्हणून जातानाचे टप्पे जास्त कष्टाचे आहेत. अंगात ताकद असताना ते आधी संपवायचे."

संध्याकाळी अम्मीने भरती-ओहोटीचा प्रश्न काढला. तिने ऐकले होते की, खाडीच्या तोंडाशी पाणी फार ओढते. भाईजान हसले आणि म्हणाले, "अम्मी, याचे उत्तर तुम्हीच द्याल. आमची सफर चांदाच्या पाचव्या तारखेला सुरू होणार आहे. या तारखा आमच्या सरांनी का निवडल्या असतील?"

चांदाची तारीख आमच्या घरात अम्मीच ध्यानात ठेवते. रोजे, ईद, शबेबरात, सारे काही तिला तोंडपाठ असते. पण तिने कधी समुद्र पाहिलेला नव्हता. तेव्हा भाईजानांनी तिला सांगितले की, भरती-ओहोटी चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीमुळे होते. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते. मग समुद्राला उधाण येते. पाणी फार चढते आणि फार उतरते. चंद्र अर्धा असतो तेव्हा ही ओढ एका रेषेत नसते. तेव्हा पाणी कमी चढते आणि कमी उतरते. या भरतीला भांगाची भरती म्हणतात.

अम्मी थोडा वेळ बोटांवर मोजत राहिली. मग म्हणाली, "सातव्या-आठव्या तारखेला चांद अर्धा असतो. तुम्ही पाचव्या तारखेला निघणार. म्हणजे खाड्यांजवळ जाल तेव्हा पाण्याचा जोर कमी असेल."

"अगदी बरोबर!" भाईजान म्हणाले. "जयगडला शास्त्री नदीची खाडी आहे. दाभोळला वाशिष्ठी नदीची खाडी आहे. दाभोळच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत. तेथे लाटा फुटतात. म्हणून तेथे भरती चढत असतानाच आत शिरायचे."

"पण भरती केव्हा चढेल, हे कसे कळते?" मी विचारले.

"त्याची तक्ते छापलेली पुस्तके मिळतात. पण कोकणातील जुने नाखवे एक सोपे गणित करतात. तिथीला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. जे उत्तर येईल, सुमारे तितक्या वाजता पूर्ण भरती. समजा अष्टमी आहे. आठ त्रिक चोवीस. भागिले चार. उत्तर सहा. म्हणजे पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. मधे दुपारी बाराला पूर्ण ओहोटी."

आम्ही भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. ज्या दिवशी नावा दाभोळला पोहोचणार, त्या दिवशी अष्टमीच होती. नावा सकाळी सहाला जयगडहून निघणार. तेव्हा पाणी उतरू लागलेले असेल. ते नावेला खाडीतून बाहेर नेईल. एकतीस किलोमीटरांना सहा तासांहून थोडे अधिक लागतील. विश्रांती धरून दोन वाजतील. तेव्हा दाभोळला पाणी चढत असेल. ते नावेला आत घेईल. मला तर हे गणित जादूसारखे वाटले. अम्मीने ते पुन्हा एकदा करून पाहिले.

रात्री भाईजानांनी सामानाची यादी लिहायला मला बसवले. मी लिहीत गेले: होकायंत्र, दर्याचा नकाशा, नांगर आणि त्याचा दोर, जादा दोर, एक जादा वल्हे, पाणी उपसण्यासाठी बादली, विजेरी, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, संदेशयंत्र. पिण्याचे पाणी दर माणशी दिवसाला चार लिटर. म्हणजे एका नावेला चोवीस लिटर. खाण्यासाठी चणे, गूळ, खजूर, भाकरी. भाईजानांनी सांगितले की, बादली दोराने नावेला बांधून ठेवतात. नाव उलटली, तर न बांधलेली बादली पहिल्यांदा वाहून जाते, आणि त्याच वेळी तिची सर्वांत जास्त गरज असते!

रोज निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज ऐकायचा. लाटांचा अंदाज हैदराबाद येथील महासागर माहिती सेवा केंद्राकडून मिळतो. संकटात तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर कळवायचे. हे सारे मी यादीच्या शेवटी लिहिले.

यादी लिहिताना मला एक गंमत आढळली. आपण मराठीत ज्या शब्दांनी समुद्राबद्दल बोलतो, त्यांतील कितीतरी शब्द उर्दूतही आहेत. दर्या, बंदर, जहाज, तुफान हे शब्द दोन्ही भाषांत चालतात. खलाशी हा शब्द मुळात अरबी आहे. नाखवा हा शब्द फारसीतील नाखुदा या शब्दापासून आला आहे. मोसमी वाऱ्यांतील मोसम म्हणजे आपला मौसमच! अरबस्तान आणि इराण येथील व्यापारी शेकडो वर्षे या किनाऱ्यावर येत होते. माल बंदरात उतरला, तसे शब्दही उतरले.

"इंजिने निघाल्यावर अशा नावांची काय गरज उरली?" अब्बूंनी विचारले.

भाईजान म्हणाले, "इंजिन बंद पडले, तर काय करायचे, हे अशा नावेतच शिकता येते. युरोपात आणि अमेरिकेत लोक हौसेने अशा सफरी करतात. तिकडे त्यांना रेड म्हणतात. बऱ्याच लहान नावा एकत्र निघतात आणि रोज एकेक टप्पा पार करतात. अमेरिकेत २०१५ साली अलास्कापर्यंतची एक शर्यत सुरू झाली. अंतर सुमारे बाराशे किलोमीटर. इंजिन चालत नाही. पहिले बक्षीस दहा हजार डॉलर आणि दुसरे बक्षीस फक्त सुऱ्यांचा एक संच!"

आम्ही सारे हसलो.

"आपल्या देशातही अशी सफर झाली आहे," भाईजान पुढे म्हणाले. "२०२४ साली एनसीसीच्या नौदल शाखेचे पाचशे अठ्ठावीस छात्र गंगा नदीतून कानपूरहून कोलकात्याला गेले. तेही अंतर सुमारे बाराशे किलोमीटरच. त्यांनी ते सहा टप्प्यांत पार केले. आणि लहान नावेचा उपयोग पाहायचा असेल, तर इतिहास वाचा. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईजवळ खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी आपली जहाजे पाठवून ते काम अडवायचा प्रयत्न केला. मायनाक भंडारी आणि दौलतखान हे महाराजांच्या आरमाराचे सरदार होते. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजे जागच्या जागी उभी राहत. मराठ्यांच्या लहान नावा मात्र वल्ह्यांवर चालत. त्या उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात बेटावर सामान पोहोचवीत. शेवटी इंग्रजांना माघार घ्यावी लागली."

मी हळूच विचारले, "भाईजान, मुलींना जाता येते?"

"का नाही? आमच्या चार नावांपैकी एक नाव मुलींची आहे. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन महिला अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी तारिणी या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या. साऱ्या पृथ्वीला फेरी घालून त्या २९ मे २०२५ रोजी परत आल्या. सुमारे सत्तेचाळीस हजार किलोमीटर, आणि नावेवर दोघीच!"

अम्मीने माझ्याकडे पाहिले. तिने काही म्हटले नाही. मीही पुढे काही विचारले नाही.

तिसरा दिवस उजाडला. संध्याकाळच्या गाडीने भाईजान परत जाणार होते. अम्मी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी रोट्या करीत होती. एकाएकी तिने विचारले, "बेटा, तुझ्या नावेतला एखादा मुलगा थकला, आजारी पडला, आणि लाजेने त्याने सांगितलेच नाही, तर?"

भाईजान बोलायला लागले आणि थांबले. वारा, भरती, दोर, बादली या सर्वांबद्दल त्यांनी विचार केला होता. याबद्दल केला नव्हता. थोड्या वेळाने ते खाली मान घालून म्हणाले, "अम्मी, या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही. आमच्यात कोणी थकलो म्हणत नाही. म्हणायला कमीपणा वाटतो."

घरात शांतता पसरली. भाईजानांनी दिलेला शब्द सर्वांना आठवत होता. त्यांनी संमतिपत्राची घडी घातली आणि ते खिशात ठेवले.

अम्मीने तव्यावरची रोटी उतरवली. ती म्हणाली, "उत्तर नाही, हे तू खरे सांगितलेस. आता ते शोध. तुझ्या सरांना विचार."

भाईजानांनी लगेच आपल्या अधिकाऱ्यांना दूरध्वनी केला. अम्मीचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. बराच वेळ बोलणे झाले. मग ते बाहेर आले. त्यांचा चेहरा उजळला होता. ते म्हणाले, "सरांनी नवा नियम केला. चारही नावांना लागू. दर तासाला वल्ही थांबवायची आणि प्रत्येकाने आपली प्रकृती सांगायची. कोणीही 'थांबा' म्हटले, तर नाव जवळच्या आसऱ्याला न्यायची. का, असे कोणी विचारायचे नाही. कोणी हसायचे नाही. आणि चारही नावा सर्वांत हळू नावेच्या वेगाने जातील. सर म्हणाले, तुझ्या अम्मींना माझा सलाम सांग."

अम्मीने पदराने हात पुसले. मन घट्ट करून ती म्हणाली, "आण तो कागद." आणि अब्बूंच्या आधी तिनेच सही केली.

सफर सुरू झाली. मी भिंतीवर नकाशा लावला होता. रोज संध्याकाळी भाईजानांचा निरोप आला की मी त्यावर एक टाचणी टोचत असे. जयगड, दाभोळ, हर्णै. हर्णैला समुद्रात सुवर्णदुर्ग किल्ला आहे. तो त्यांनी वल्ही मारीत जवळून पाहिला. परतताना नावा पुन्हा दाभोळला आल्या. दुसऱ्या दिवशी त्या जयगडला पोहोचायच्या होत्या.

त्या दिवशी संध्याकाळ झाली, तरी निरोप आला नाही. अम्मी सारखी दाराशी जात होती. शेवटी रात्री आठला दूरध्वनी वाजला. भाईजानांचा आवाज होता.

"अम्मी, आम्ही जयगडला गेलो नाही. मधेच बोऱ्या बंदरात थांबलो आहोत. सर्व जण सुखरूप आहोत."

अम्मीच्या जिवात जीव आला. तिने विचारले, "का थांबलात? वारा वाईट होता का?"

"नाही. वारा चांगला होता. एकाने थांबा म्हटले."

"कोणी?"

थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग भाईजान म्हणाले, "मीच, अम्मी. सकाळपासून मला उलट्या होत होत्या. अंगात ताप होता. दोन तास मी लपवले. मग तुमचा नियम आठवला. डॉक्टरांनी औषध दिले आहे. उद्याचा दिवस शिल्लक आहे. तो आम्ही येथेच काढू."

अम्मी म्हणाली, "चांगले केलेस. पाणी उकळून पी आणि झोप."

दूरध्वनी ठेवल्यावर ती माझ्या नकाशाजवळ आली. दाभोळ आणि जयगड यांच्यामध्ये बोऱ्या बंदर कोठे आहे, ते तिने मला विचारले. मी बोट ठेवून दाखवले. तेथे टाचणी तिने स्वतःच्या हाताने टोचली.

दोन दिवसांनी चारही नावा रत्नागिरीला पोहोचल्या. एका दिवसाने उशिरा, पण सर्व मिळून.

शब्दार्थ

छात्र – एनसीसीचा शिक्षण घेणारा विद्यार्थी
संमतिपत्र – परवानगीचा कागद, इजाजतनामा
शीड – बादबान
वल्हे – चप्पू
सुकाणू – पतवार
नांगर – लंगर
डोलकाठी – शीड बांधण्याचा उंच खांब, मस्तूल
होकायंत्र – दिशा दाखवणारे यंत्र, कुतुबनुमा
नाखवा – नावेचा प्रमुख
उधाण – मोठी भरती
खाडी – नदी समुद्राला मिळते तेथील, भरतीचे पाणी आत शिरणारा भाग
दांडा – पाण्याखालील वाळूचा लांब उंचवटा
उपसणे – साठलेले पाणी बाहेर काढणे
आसरा – सुरक्षित जागा
माघार घेणे – मागे हटणे
कमीपणा वाटणे – लाज वाटणे
मन घट्ट करणे – धीर धरणे
जिवात जीव येणे – काळजी दूर होणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखिकेचे गाव कोणत्या नदीच्या काठी आहे?
(आ) व्हेलर नावेला किती वल्ही असतात?
(इ) पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याला काय म्हणतात?
(ई) खांदेरीच्या वेळी महाराजांच्या आरमाराचे सरदार कोण होते?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) अम्मीने प्रथम संमती दिली नाही.
(आ) सहा टप्प्यांसाठी दहा दिवस ठेवले होते.
(इ) बादली दोराने नावेला बांधून ठेवतात.
(ई) भाईजानांनी संमतिपत्र खिशात ठेवले.

प्रश्न ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नाव उलटल्यास पाळायचे नियम सांगा.
(आ) सफरीच्या तारखांचे कारण अम्मीने कसे ओळखले?
(इ) 'थांबा' म्हणणे हे धाडसाचे काम आहे का? तुमचे मत लिहा.

प्रश्न ४. गणित करा.
पंचमी आणि द्वादशी या तिथींना पूर्ण भरती सुमारे किती वाजता येईल?

प्रश्न ५. वाक्यांत उपयोग करा.
मन घट्ट करणे, माघार घेणे, कमीपणा वाटणे, जिवात जीव येणे.

प्रश्न ६. मराठीत आणि उर्दूत सारखे असलेले दहा शब्द या पाठातून शोधून लिहा.

उपक्रम : तुमच्या वर्गाची एक दिवसाची सहल ठरवा. अंतर, वेळ, सामान, पिण्याचे पाणी आणि अडचण आल्यास काय करायचे, यांचा तक्ता तयार करा. तो घरातील मोठ्या माणसांना दाखवा आणि त्यांनी विचारलेले प्रश्न वहीत लिहून घ्या.